पंच्याण्णवच्या आत

करमअलीला आताशा सगळ्यात जास्त दमवायचं ते बोलणं. स्वतःचं नव्हे, दुसऱ्याचं. पत्रा वाकवणं, पाइप कापणं, गाडीखाली उताणं पडून तासभर वेल्डिंग करणं, यातलं काहीही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याला जड जात नव्हतं. पण गिऱ्हाईक समोर येऊन बोलायला लागलं की त्याच्या ओठांकडे बघायचं, अर्धे शब्द पकडायचे, उरलेले अंदाजाने भरायचे, योग्य जागी हसायचं, आणि चुकीच्या जागी हसलो नाही ना हे ताडायला परत त्याच्या तोंडाकडे बघायचं. या उद्योगाने दुपारपर्यंत माणूस गळून जायचा. डावा कान सहा वर्षांपूर्वीच गेला होता, उजवा जायच्या वाटेवर होता. आणि ही गोष्ट आगरदांड्यात घराबाहेर कुणालाही माहीत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याचं दुकान जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दिघीच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते तिच्या डाव्या अंगाला. पाटीवर 'करम सायलेन्सर वर्क्स' असं लिहिलेलं, त्यातलं 'वर्क्स' खाऱ्या वाऱ्याने निम्मं खाल्लेलं. दुकानामागे घर, आणि घराच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या. एक दुकानात उघडायची, दुसरी खाडीवर. या दोन खिडक्यांच्या मधे उभी राहून त्याची बायको जहुरा एकवीस वर्षं तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि दोन्हीकडचं सगळं ऐकत होती.

तेविसाव्या वर्षी करमअली शारजाला गेला होता. तिथल्या एका गॅरेजात सतरा वर्षं त्याने फक्त सायलेन्सर केले. पैसेवाल्या घरची पोरं नवीकोरी गाडी घेऊन यायची आणि म्हणायची, हिचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला पाहिजे. करमअली आतलं सगळं काढून सरळ पाइप टाकायचा, आणि बंद शेडमध्ये, पत्र्याखाली, पाइपाच्या तोंडाशी कान नेऊन गाडी रेस करायला सांगायचा. कानात काही घाल असं त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. कानात कापूस घालून सायलेन्सर करणारा म्हणजे डोळे मिटून शिवणारा शिंपी, असं तेव्हा त्याचं मत होतं. तिथून तो वेल्डिंगची मशीन, एक फ्रिज आणि डाव्या कानात दिवसरात्र वाजणारी एक बारीक शिट्टी घेऊन परत आला. फ्रिज भंगारात जाऊनही आता दहा वर्षं झाली होती.

आगरदांड्याला मोटारींचं काम असं किती येणार? पोट चाललं ते मासेमारीच्या बोटींवर. खारी हवा बोटीच्या सायलेन्सरचा पत्रा दोन-तीन वर्षांत खाते, मग नवा करावा लागतो. पण त्यात एक मेख असते. बोटी परत यायच्या वेळेला टोपल्या घेऊन किनाऱ्यावर बसलेल्या बाया बोट नीट दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून ओळखतात, ही आपली, ती आवडाबाईची. आवाज बदलला की घरच्या बाईचा जीव टांगणीला लागतो. बोट समोरून आत येत असते आणि ही अजून लांब समुद्राकडे बघत बसलेली असते. म्हणून नवा सायलेन्सर जुन्याच आवाजाचा पाहिजे, असा या बंदराचा रिवाज. नवा बसवला की तांडेल बोट खाडीच्या मध्यावर न्यायचा, करमअली धक्क्याच्या टोकाला डोळे मिटून उभा राहायचा आणि लांबून ऐकून सांगायचा. आवाजांच्या त्याने जाती पाडल्या होत्या. गोल, बसका, नाकातला, फाटका. तो "झाली, घेऊन जा" म्हणाला की झाली. हे कसब दोन्ही तीरांवर त्याच्या एकट्याकडे होतं आणि त्याचा त्याला गर्व होता. असायला हरकतही नव्हती.

अलीकडे चारेक वर्षं जहुराही चहाचा थर्मास घेऊन धक्क्यावर यायला लागली होती. या वयात बायकोला आपल्या कामाचं कौतुक वाटायला लागलं, अशी करमअलीने त्याची संगती लावली. तांडेल मात्र आताशा चिकित्सक झाले होते. त्याने "झाली" म्हटलं तरी कधीकधी डोकं खाजवत म्हणायचे, "चाचा, मागचा तुकडा जरा बारीक करून बघू या का?" करमअली कुरकुरत करायचा. नव्या पिढीला कानच नाहीत, असं तो घरी येऊन जहुराला सांगायचा.

पनवेलला दिलेली त्यांची मुलगी मेहेक तीन वर्षं मागे लागली होती, कानाच्या डॉक्टरला दाखवा, मशीन लावा. करमअली ऐकू आलं नाही असं दाखवायचा, ज्याला फारसा अभिनय लागत नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. आवाज ओळखण्यावर ज्याचं पोट आहे, त्याच्या कानात मशीन दिसली तर दुसऱ्या दिवसापासून एक बोट दाराशी येणार नाही. दुकान गेलं तर मग उरलेला दिवस करायचं काय? पडवीत बसून लोकांच्या ओठांकडे बघायचं?

अशात जानेवारीच्या अखेरीला रामजी गुरुजींचा प्रितम गाडी घेऊन आला.

रामजी गुरुजींनी मेहेकला चौथीपर्यंत शिकवलेलं, त्यामुळे प्रितम घरातलाच. दिघीच्या बंदरात इलेक्ट्रिशियन होता, रोज फेरीने पलीकडे जायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने दहा वर्षं जुनी निळी गाडी घेतली आणि नवी मुंबईत कुणाकडून तरी तिचा सायलेन्सर बदलून आणला. बदलून म्हणजे काढून. मागे हात जाईल एवढ्या तोंडाचा चकचकीत पाइप होता, आणि आत काहीही नव्हतं. काशीदला प्रितमने गाडी चालू केली की आगरदांड्याला त्याची आई भात वाढायला घ्यायची, असं लोक म्हणायचे.

प्रितमला वेगाचं वेड होतं, पण डोकं जाग्यावर होतं. रस्त्यावर तो सरळ चालवायचा. खोपोलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला गाड्या पळवायचा एक ट्रॅक आहे, तिथे वर्षातून काही रविवारी कुणालाही आपली गाडी आणून हौस भागवता यायची. नोव्हेंबरात तो गेला आणि गेटवरूनच परत आला. आजूबाजूच्या वाड्यांनी आवाजाची तक्रार केल्यापासून तिथे मीटर लावून बघत होते.

"एकशे तीन आला, चाचा. लिमिट पंच्याण्णव," प्रितम म्हणाला, आणि फोनवर ते दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहून करमअलीसमोर धरले. पोराचा हा व्यवस्थितपणा करमअलीला आवडला.

"आठ आकडे म्हंजे थोडं न्हाय पोरा. निम्म्याच्या जवळ आणायला लागंल."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी परत नंबर लागलाय. होईल ना?"

करमअलीने ते शब्द ओठांवरून उचलले आणि मान हलवली. आयुष्याची सतरा वर्षं गाड्यांचा आवाज वाढवण्यात घालवल्यावर एखादी कमी करायची संधी मिळाली, याचं त्याला बरं वाटलं. थकलेल्या माणसाला असं बरं वाटणं दुर्मीळ असतं, म्हणून सांगितलं.

त्याने कामात काही कसर ठेवली नाही. इंजिनापासून येणाऱ्या पाइपात मधे एक लांबट डबा घातला. मागे नवा मोठा डबा केला, त्याच्या आत भोकाभोकांची नळी, नळीभोवती काचेचा कापूस घट्ट दाबून भरला. आवाज त्या भोकांतून कापसात शिरतो आणि तिथेच जिरतो. चकचकीत तोंड काढून निम्म्या रुंदीचं लावलं आणि जमिनीकडे वाकवलं. सहा दिवस तो गाडीखाली होता. हात अजून सरळ चालत होते, वेल्डिंगची रेघ अजून मुंग्यांच्या रांगेसारखी एकसारखी येत होती. सातव्या दिवशी त्याने नेहमीची परीक्षा घेतली. पाइपाच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलं, गाडी चालू ठेवली, आणि कुठून हवा निसटते का ते ऐकायला उजवा कान एकेका जोडाशी नेला. कुठे फुस नाही. आतून डब्याला मऊ ठोके तेवढे जाणवत होते. त्याने समाधानाने गोणपाट काढलं.

मग प्रितमला गाडी रेस करायला सांगून तो रस्ता ओलांडून चिंचेखाली गेला, शंभर पावलांवर. डोळे मिटले. बोटींचं तो आयुष्यभर असंच करत आला होता.

"गोल हाय," परत येऊन त्याने जाहीर केलं. "एकदम गोल. झाली."

प्रितमने फोनवर आवाज मोजायचं काहीतरी उतरवून घेतलं होतं. तो पाइपामागे उकिडवा बसून मोजत होता. त्र्याण्णव. पुन्हा केलं, पुन्हा त्र्याण्णव. पोरगा खूश झाला. तेवढ्यात जहुरा पिठाच्या हातांनी खिडकीशी आली.

"मेहेकच्या अब्बा, लांबून गोल हाय. जवळून फाटतोय."

करमअलीला यातलं 'फाटतोय' तेवढं समजलं.

"तुला बोटींचं कळत असंल. ही मोटार हाय."

"कुठंतरी बारीक शिट्टी हाय, मी सांगतेय ना. प्रितम, तू ऐक रे जरा."

प्रितमने इंजिनाच्या धडधडीत शिट्टी शोधायचा प्रयत्न केला. त्याला सापडली नाही. त्याने फोनकडे बघितलं, मग करमअलीच्या चेहऱ्याकडे. चाचाला उलट बोलणं त्याच्या जिवावर आलं असावं. "फोन त्र्याण्णवच दाखवतोय, चाची," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी जहुराने जेवताना त्याच्या उजव्या बाजूला बसून विषय काढला. "तुम्ही प्रितमबरोबर चाललाय ना? मी पण येते. येताना पनवेलला मेहेककडं राहू." मग भाताचा घास बाजूला ठेवून ती हळू, ठासून, एकेक शब्द बोलली. "ही गाडी तिथं पास झाली, तर मी परत तुमच्या कानाचं नाव काढणार न्हाय. न्हाय झाली, तर दाक्तरला दाखवायचं."

"कबूल," करमअली म्हणाला. कान आणि दुकान दोन्ही एका दमात वाचवायची अशी सोय रोज मिळत नाही.

रविवारी फजरची नमाज पढून ते निघाले. मुरूड, काशीद, रेवदंडा, अलिबाग मागे पडलं. पेणवरून खोपोलीचा रस्ता धरला. जहुरा मागच्या सीटवर, हत्यारांची पेटी डिकीत. करमअली पुढे बसून रस्ताभर तळव्याने गाडीचा दरवाजा चाचपत होता. कंपन छान होतं, मऊ. त्याला झोपही लागली थोडी.

ट्रॅकच्या दाराशी एक पत्र्याची शेड होती, खाली काँक्रीट. निकेत नावाचा एक तिशीतला माणूस तिपाईवर मीटर लावून बसला होता. त्याने पाइपापासून अर्धा मीटर मोजून घेतला, तिपाई तिरकी लावली आणि प्रितमला मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर इंजिन धरायला सांगितलं. करमअली आवाज ऐकत नव्हता. तो मीटरच्या काचेकडे बघत होता. लाल आकडे वर चढले आणि थांबले. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

निकेतने परत घेतलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन.

"सॉरी बॉस. नाही होणार."

"पण फोनवर त्र्याण्णव होता!" प्रितम फोन पुढे करत म्हणाला.

निकेत हसला, पण वाईट नाही. त्याने फोन घेतला आणि शेडबाहेर रेस होत असलेल्या एका अजस्र काळ्या गाडीसमोर धरला. त्र्याण्णव. "फोनचा माइक एका मर्यादेच्या वर घेतच नाही. तोफ उडवा, त्र्याण्णवच दाखवेल. आणि लांबून ऐकून तर काहीच कळत नाही, जवळचा चरचरीत आवाज लांब जाता जाता मरतो. आमचा मीटर जवळून मोजतो. साडेअकरापर्यंत काही करून आणता आलं तर अजून एकदा बघतो. नंतर गेट बंद."

गाडी बाजूला झाडाखाली घेतली. प्रितम उतरला आणि त्याने दरवाजा आपटला. त्याची रजा, त्याचे भरलेले पैसे, तीन महिन्यांची वाट, सगळं त्या आपटण्यात होतं. मग तो करमअलीकडे वळला आणि त्याचा तोल गेला.

"चाची सांगत होती, चाचा! जवळून फाटतोय, शिट्टी आहे, सांगत होती ती! मीच मूर्ख, तुमचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसलो. सगळ्या बंदराला माहीत आहे तुम्हाला ऐकू येत नाही ते. धक्क्यावर तांडेल तुमच्याकडे बघतात असं वाटतं तुम्हाला? ते चाचीकडे बघतात! तिने ओढणी डोक्यावर घेतली की बोट झाली. नाही घेतली की तुम्हाला म्हणतात, मागचा तुकडा बारीक करा. चार वर्षं चाललंय हे!"

तो समोर उभा राहून, ओरडून, तोंड पूर्ण उघडून बोलत होता, त्यामुळे करमअलीला शब्दन् शब्द कळला. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं स्वच्छ कुणाचं काही कळलं नव्हतं.

त्याने जहुराकडे बघितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होती.

करमअली हत्यारांच्या पेटीवर बसला. आधी त्याला राग आला, प्रितमचा, मग तांडेलांचा, मग जहुराचा, आणि प्रत्येक राग दोन मिनिटांत विझला, कारण त्याला रागवायचीही ताकद नव्हती. मग लाज आली आणि ती विझली नाही. चार वर्षं आपण धक्क्यावर डोळे मिटून उभे राहत होतो आणि सगळे बंदरकर आपल्याला सांभाळून घेत होते, लहान पोराला बैलगाडीचा कासरा हातात देऊन बाप मागून ओढतो तसे. सगळं तिथेच टाकून घरी जावं, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडावं, आणि कुणी बोलू नये, कुणी ऐकायला लावू नये, एवढंच त्याला हवंसं वाटलं. प्रितम दूर जाऊन पाठ फिरवून उभा होता. त्यालाही वाईट वाटत असणार.

पावणेअकरा झाले होते. जहुरा उठली, ओढणी कमरेला खोचली आणि गाडीमागे उकिडवी बसली.

"प्रितम, चालू कर. हळूहळू वाढव."

करमअली बघत राहिला. ती डोकं गाडीखाली घालून, एका हाताने जमीन धरून ऐकत होती. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून नमाजही खुर्चीवर बसून पढणारी. तिने हात वर करून गाडी बंद करायला लावली, उठून करमअलीसमोर आली आणि त्याच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन म्हणाली, "मागच्या डब्यात पाइप शिरतो ना, तिथं. वरच्या अंगाला. शिट्टी मारल्यागत."

तो उठला. गाडीखाली उताणा पडला. प्रितमला परत गाडी चालू करायला सांगितली आणि तळवा पाण्याने भिजवून त्या जोडावर, वरच्या बाजूला, जरा अंतर राखून धरला. तळव्याला एका जागी गरम सुई टोचल्यासारखी हवा लागली. मोहरीच्या दाण्याएवढं भोक. त्याच्या स्वतःच्या वेल्डिंगमध्ये, त्या मुंग्यांच्या रांगेत, एक मुंगी नव्हती. पूर्वी ते भोक त्याने दुकानात पाय ठेवल्याठेवल्या ऐकलं असतं.

इथे वेल्डिंग नव्हतं. त्याने पेटीतून गरम पाइपावर चालणारा, भोकं बुजवायचा लांबीचा मसाला काढला, तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा पट्टीसारखा कापला, मसाला भरून पट्टी गुंडाळली आणि दोन क्लिपा आवळल्या. वाटेत लागली तर म्हणून आणलेली एक बारीक जाळीची नळी पाइपाच्या तोंडात ठोकून बसवली. हात भाजला, त्याने बघितलंही नाही. मसाला धरायला वेळ द्यावा लागला. मग त्याने जहुराकडे बघितलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा, उघडपणे, लोकांसमोर विचारलं.

"कसा हाय?"

जहुराने पुन्हा उकिडवं बसून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"बसका," ती म्हणाली. "शिट्टी गेली."

साडेअकराला पाच कमी असताना निकेतने मीटर लावला. चौऱ्याण्णव पूर्णांक सात. त्याने दोनदा घेतलं, मग प्रितमच्या काचेवर हिरवा कागद चिकटवला. प्रितम करमअलीजवळ येऊन काहीतरी पुटपुटला. मान खाली होती, त्यामुळे ओठ दिसले नाहीत, पण काय म्हणाला असेल ते कळायला कान लागत नव्हते.

"जा, पळव," करमअली म्हणाला. "संबाळून."

दोघं नवरा-बायको ट्रॅकच्या कुंपणाबाहेर एका कठड्यावर सावलीत बसले. समोरून गाड्या जात होत्या. करमअलीला त्या पायाखालच्या जमिनीतून जास्त कळत होत्या. जहुराने थर्मासातला चहा त्याच्या हातात दिला.

"कोणाकोणाच्या बोटी?" त्याने विचारलं.

"सगळ्यांच्या."

"विठोबा नाखव्याची? ती तर मी एका फटक्यात केली होती."

"तीनदा करून घेतली. तुम्हाला वाटलं त्याला पत्रा जाड पायजे."

करमअलीने चहा प्यायला. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून बसला असतात."

हे खरं होतं. निळी गाडी एकदा समोरून गेली, प्रितमने हात केला. करमअलीनेही केला. मग त्याने सहज, खरं तर थोडी माया दाखवावी म्हणून, विचारलं, "चार वर्षं. कंटाळली न्हाईस?"

ती 'न्हाय' म्हणेल अशी त्याची खात्री होती. तीस वर्षांच्या संसारात असल्या प्रश्नाला ती नेहमी 'न्हाय' म्हणत आली होती. 'न्हाय' म्हणेल, आणि मग दोघं उठून सावली बदलू.

"कंटाळले," जहुरा म्हणाली.

तिने त्याच्याकडे तोंड वळवलं, कळावं म्हणून. सवयीने तिने आवाज चढवला, हळू केला, शब्द सुटे केले. "सकाळी डोळा उघडल्यापासून मी ऐकते. तुमचा फोन मी ऐकते. गिऱ्हाईक काय बोलला ते मी ऐकते, आत येऊन तुम्हाला सांगते. अजान झाली ते मी सांगते. दारात कोण आलं ते मी बघते. खाडीत बोट निघाली की हातातलं पीठ टाकून कान लावते, हिचा आवाज काय होता, उद्या सायलेन्सर बदलायला आली तर ध्यानात ऱ्हायला पायजे. भाकरी थापताना मला नुसती भाकरी थापायची हाय हो. कधीतरी. कानात काय नको, डोक्यात काय नको. माझं पण वय झालं. रात्री पडले तरी घसा दुखतो."

करमअली तिच्या ओठांकडे बघत होता. दिवसभर दुसऱ्याचं ऐकण्याने दमून जाणारा या घरात आपण एकटेच आहोत, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. दुपारी गळून खाटेवर पडायचा तेव्हा ती खिडकीशी उभीच असायची, हे त्याला आता आठवलं.

"गाडी आत आली लिमिटच्या," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि त्याला कळलं नाही असं वाटून पुन्हा मोठ्याने म्हणाली. "पास झाली. मी बोलल्याप्रमाणं कानाचं नाव काढणार न्हाय."

तिचा रिकामा कप घेऊन त्याने थर्मासाला झाकण लावलं.

चार वाजता प्रितमने त्यांना पनवेलला मेहेकच्या दारात सोडलं. तो परतताना खूप काही सांगत होता, कुठल्या वळणावर काय झालं, किती वेग गेला. ते सगळं जहुराने ऐकलं, हं हं केलं, आणि सवयीप्रमाणे मधे मधे पुढे वाकून करमअलीला मोठ्याने सांगितलं. मेहेकने दार उघडलं आणि सरळ आईलाच विचारलं, "अब्बांना भूक लागलीय का विचार. आणि ते कानाचं काय ठरलं त्यांचं?" घरातले सगळे त्याच्याशी असंच बोलायचे, जहुरामार्फत. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

"तिला विचारू नको," करमअली म्हणाला. "मला विचार. उद्या सकाळी दाक्तरकडं जायचं. तू आणि मी. अम्मीला झोपू दे."

मेहेक आईकडे बघायला लागली, हे खरं आहे का म्हणून. जहुरा चपला काढत होती. तिने मान वर केली नाही.

"मशीन लावली तर दिसणार, अब्बा," मेहेक म्हणाली.

त्याला नीट कळलं नाही. तिने परत सांगितलं.

"दिसू दे. बंदराला ठाऊकच हाय."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी जहुरा उठली नव्हती. करमअलीने खोलीचं दार ओढून घेतलं, मुलीच्या सासूला खुणेने गप्प राहायला सांगितलं आणि पोरीबरोबर खाली आला. रिक्षात मेहेक त्याला सांगत होती, डॉक्टर काय काय विचारतील, कुठली तपासणी होईल, मशीनची सवय व्हायला किती दिवस लागतात. रस्त्याच्या गोंगाटात त्याला एकही वाक्य पहिल्यांदा कळत नव्हतं. ती दोनदा सांगायची, मग तोंड जवळ आणून तिसऱ्यांदा. त्याने मुद्दाम प्रत्येक वेळी "काय?" म्हटलं, कळल्यासारखी मान हलवली नाही. दवाखाना यायच्या आधी ती थांबली, बाटलीतून पाणी प्यायली, आणि डोकं मागे टेकवून डोळे मिटले. जेमतेम अर्धा तास झाला होता.